ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर थांबतो: २५ वर्षांच्या जीपचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गात, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. एक पत्र्याची शेड, एक बाकडं, हाताखाली एक पोरगा. हे प्रकरण मे-जून २०२२ मधलं. मालकांना विचारूनच लिहितोय, पण त्यांचं नाव, गाव, गाडीचा नंबर इथे येणार नाही. त्यांना आपण तात्या म्हणू. आमच्याकडे दर तिसऱ्या घरात एक तात्या असतात, त्यामुळे ओळख पटायची भीती नाही.

गाडी म्हणजे १९९७ ची डिझेल जीप. १२ व्होल्टची सिस्टिम, पत्र्याची बॉडी, मागे कॅनव्हासचं हूड. एप्रिल-मे महिन्यात बागेतल्या आंब्याच्या पेट्या आणि उरलेल्या वर्षात पहाटे जेटीवरून घरच्यासाठी, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी मासळी. मासळीचे क्रेट मागे ठेवले की बर्फ वितळतो आणि ते पाणी फ्लोअरवरून वाहत जातं. ते साधं पाणी नसतं. त्यात मीठ असतं, खवलं असतात, आणि ते वाळलं तरी त्याचा चिकट थर तसाच राहतो. वर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि बाकीचे आठ महिने खारं वारं. तांब्याच्या वायरीला छळायचं ठरवलं तर याहून चांगली जागा मिळणार नाही.

अजून एक गोष्ट, जी मला फार उशिरा लक्षात आली. तात्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जीप कायम एकाच जागी उभी असते आणि तिथे डावं मागचं चाक जरा खोलगट भागात येतं. म्हणजे पंचवीस वर्षं प्रत्येक थेंब मागच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन साचत होता. उजवी बाजू का बरी आणि डावीच का गेली, याचं उत्तर गाडीत नव्हतं, खळ्यात होतं.

घाई होती ती रजिस्ट्रेशनची. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिल्यांदा १५ वर्षांचं, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. तात्यांच्या जीपचं २०१२ आणि २०१७ मध्ये झालं होतं, तिसऱ्यांदा जून २०२२ मध्ये करायचं होतं. त्याच वर्षी १ एप्रिलपासून जुन्या मोटारींच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून थेट ५००० झाली होती. दुकानात आले तेव्हा तात्या इंडिकेटरपेक्षा त्या आकड्यावरच जास्त बोलत होते.

तक्रार

"डावो इंडिकेटर सुस्त झालो. बल्ब बदललंय, फरक नाय." एवढीच तक्रार.

मी बघितलं ते असं. उजवा इंडिकेटर ठीक. डावा दिला की पुढचा बल्ब लख्ख, मागचा निस्तेज, आणि उघडझाप रेंगाळत. पार्किंग लाईट लावून डावा इंडिकेटर दिला की मागचा डावा टेल लॅम्प उलट तालात मंद होत होता: इंडिकेटर पेटला की तो मावळायचा. आणि इंडिकेटर चालू असताना ब्रेक दाबला की उघडझाप थांबून पुढचा बल्ब नुसता जळत राहायचा, मागचा तर दिवसा दिसायचाच नाही.

हे वाचणाऱ्यांत कोणी वायरिंगचं काम करणारं असेल तर शेवटच्या दोन लक्षणांवर त्याने बोट ठेवलं असेल. एका दिव्याने दुसऱ्याचा ताल बिघडवणं म्हणजे दोघांची परतीची वाट एकच आहे आणि ती वाट अडलेली आहे. अर्थिंग गेलं. मलाही हे माहीत आहे, वीस वर्षं माहीत आहे. तरी मी त्या दिवशी काय केलं ते पुढे सांगतो.

पहिला निर्णय: फ्लॅशर बदलला

तात्या घाईत होते, दुकानात दोन रिक्षा उभ्या होत्या. उघडझाप सुस्त म्हणजे फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करवणारी डबी, हे समीकरण हाताला इतकं सवयीचं झालंय की डोक्याला विचारायची गरज वाटली नाही. डॅशबोर्डखालचा जुना पत्र्याच्या डबीचा फ्लॅशर काढला आणि नवा इलेक्ट्रॉनिक टाकला. उघडझाप एकदम तालात सुरू झाली. मागचा बल्ब तेवढाच निस्तेज होता, पण शेडमध्ये, सावलीत तो चालून गेला. तात्या पैसे देऊन गेले.

ही चूक नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण मी नुसता रोग सोडून लक्षण बरं केलं नाही, रोगाची खबर देणारा पहारेकरीच घरी पाठवला. जुना फ्लॅशर थर्मल असतो. त्यातून जाणाऱ्या करंटने आतली पट्टी तापते, वाकते, संपर्क तुटतो, गार होते, पुन्हा जोडला जातो. पुढचा आणि मागचा, २१-२१ वॅटचे दोन बल्ब, म्हणजे १२ व्होल्टला साधारण साडेतीन अँपिअर. एवढा करंट मिळाला तर ताल बरोबर बसतो. एक बल्ब गेला किंवा उपाशी राहिला तर पट्टी पुरेशी तापत नाही, ताल रेंगाळतो किंवा थांबतो, आणि ड्रायव्हरला बसल्या जागी कळतं की मागे काहीतरी बिनसलंय. मी बसवलेला स्वस्त इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर किती करंट जातोय हे बघतच नाही. एक बल्ब असो, दोन असोत, कानाला तीच टकटक. चांगल्या प्रतीचे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर एक बल्ब गेल्यावर दुप्पट वेगाने मारून सावध करतात. हा तसला नव्हता.

शुक्रवारी तात्या आरटीओत गेले. तपासणाऱ्यांनी मागे उभं राहून ब्रेक दाबायला सांगितला आणि डावा इंडिकेटर द्यायला सांगितला. भर उन्हात मागे काहीच हललेलं दिसलं नाही. दुरुस्त करून मंगळवारी या, म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. जे मी सावलीत पाहिलं नाही ते त्यांनी उन्हात पाहिलं.

दुसरा अडथळा: मीटरची पिप्

शुक्रवारी संध्याकाळी जीप पुन्हा दुकानात. या वेळी मागच्या दिव्याची काच काढली. तळाला दोन बोटं पिवळट पाणी. या दिव्यांना खाली पाणी निघून जायला एक बारीक भोक असतं. कोणीतरी पाणी आत येऊ नये म्हणून ते लांबीने बुजवलं होतं. पाणी आत यायचं थांबलं नाही, बाहेर जायचं तेवढं थांबलं. होल्डरची पितळी पट्टी हिरवी, स्प्रिंगचा तुकडा पडलेला, स्क्रूच्या भोवती पांढरी-हिरवी पूड.

मीटर कंटिन्युइटीवर लावला, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की तो पिप् वाजतो. एक टोक होल्डरच्या बॉडीला, दुसरं चॅसिला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला. पिप्. पोरगा म्हणाला, "मामा, अर्थिंग बरा आसा." आणि मी क्षणभर मानलंही. अर्थिंग नाही तर मग कॉम्बिनेशन स्विच, म्हणजे इंडिकेटरच्या दांड्याचा स्विच असेल, म्हणून स्टिअरिंगखालचं कव्हर उघडायला घेतलं. दोन स्क्रू काढल्यावर थांबलो. ब्रेकने इंडिकेटर थांबतो आणि स्विचचा ब्रेकशी काही संबंध नाही. लक्षण एक सांगतंय आणि मीटर दुसरं, तर दोघांपैकी एकाला मी चुकीचा प्रश्न विचारलाय.

चुकीचा प्रश्न मीटरला विचारला होता. बहुतेक मीटरांची पिप् दहा-वीस ओहमपर्यंतही वाजते. दुकानदारीत आपण तिला 'वायर चांगली' असं समजतो, ती फक्त 'वायर पूर्ण तुटलेली नाही' एवढंच सांगते. आता २१ वॅटचा बल्ब जळताना स्वतः जेमतेम ७ ओहमचा असतो. त्याच्या रस्त्यात दोन-अडीच ओहमचा गंज बसला तर पिप् आनंदाने वाजेल आणि बल्ब मात्र उपाशी राहील.

म्हणून लोड देऊन, म्हणजे बल्ब पेटता ठेवून, मोजायचं ठरवलं. इंडिकेटर उघडझाप करत असताना डिजिटल मीटरचा आकडा ठरत नाही, तो सारखा वर-खाली पळतो. त्यावर सोपी युक्ती आहे: फ्लॅशर उपसून काढायचा आणि सॉकेटमधल्या बी (बॅटरीकडून येणारं) आणि एल (दिव्यांकडे जाणारं) या दोन टोकांमध्ये फ्यूज लावलेली वायर घालायची. इंडिकेटर सलग जळत राहतो, मग निवांत मोजा.

मोजलं ते असं. फ्लॅशरच्या बाहेर १२.० व्होल्ट. मागच्या डाव्या होल्डरच्या मधल्या टोकाला, म्हणजे बल्बच्या तोंडाशी, १०.४. बॅटरीच्या मायनसपासून होल्डरच्या बॉडीपर्यंत, जिथे जवळजवळ शून्य यायला हवं तिथे, ३.१. पोराला ब्रेक दाबायला सांगितला, तोच ३.१ साडेपाचवर गेला.

म्हणजे बल्बच्या वाट्याला ७.३ व्होल्ट येत होते. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने पडतो, ७.३ व्होल्टवर तो पाचव्या हिश्शाच्याही खाली जातो. उन्हात दिसणार कसा? ब्रेक दाबल्यावर दोन २१ वॅटचे बल्ब त्याच अडलेल्या वाटेने परतायला बघतात, होल्डरची बॉडी आणखी वर उचलली जाते आणि इंडिकेटर आणखी उपाशी राहतो. तक्रारीतलं प्रत्येक लक्षण या चार आकड्यांत बसलं.

तात्या बाकड्यावर बसून होते. त्यांना आकडे दाखवले तर म्हणाले, "माका आकडे नको, गाडी मंगळवारी होयी."

कोणते पर्याय होते

एलईडी बल्ब. हा पर्याय तात्यांनीच आणला, पुतण्याने सांगितला होता. करंट कमी लागतो, त्यामुळे गंजलेल्या वाटेतूनही चांगला पेटला असता. तपासणीतही बहुधा निभावलं असतं. पण २१ वॅटच्या साध्या बल्बसाठी केलेल्या दिव्यात कुठलाही एलईडी घातला की प्रकाश ठरल्या कोनात पडेलच असं नाही, आणि मुख्य म्हणजे गंज तिथेच राहून पुढे सरकत राहिला असता. वायरींच्या त्याच गुच्छातून ब्रेकची वायर जाते. ती एलईडीने वाचत नाही. मी नाही म्हणालो.

नुसती अर्थिंगची वेगळी वायर. दिव्यापासून चॅसिपर्यंत एक तार, अर्ध्या तासाचं काम. दोष मोठा याच बाजूला होता, त्यामुळे मोह मोठा.

अख्खं वायरिंग किट. पंचवीस वर्षांच्या गाडीला हे शोभलंही असतं. पण तीन दिवसांत किट मिळवून, डॅशबोर्ड उघडून, सगळं बसवून चुका काढणं अशक्य होतं. शिवाय पुढची वायर अजून लवचिक होती, फ्यूज बॉक्स कोरडा होता. जे चांगलं चाललंय ते उपसून नवे दोष कशाला ओढवून घ्या?

चौथा पर्याय, मागच्या चाकाच्या अलीकडे चॅसिवर जिथे गुच्छ रबरी ग्रोमेटमधून, म्हणजे पत्र्याच्या भोकातल्या रबरी कड्यातून, बाहेर येतो तिथपासून मागचा भाग नवा करायचा. दोन दिवस लागले असते.

मी दुसऱ्यापासून सुरुवात करून चौथ्यावर जायचं ठरवलं. म्हणजे आधी अर्थिंग, मग मोजणी, मग पुढचं. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशाने किती फरक पडला ते कळतं. सगळं एकदम बदलून गाडी सुरू झाली तर आपण हुशार ठरतो, पण शिकत काही नाही.

तिसरा निर्णय: थांबायचं का?

दिव्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने घासायला गेलो तर बोट आत गेलं. दिव्याचं अर्थिंग त्याच पत्र्यातून, दिवा पकडणाऱ्या स्क्रूमार्गे जात होतं. आणि या जीपची बॉडी चॅसिवर रबरी पॅडवर बसते, त्यामुळे बॉडीपासून चॅसिपर्यंतही एक अर्थिंगची पट्टी असते. तिचा बोल्ट हाताने फिरत होता. तो घट्ट केला. दिव्याला मात्र पत्र्यावर विसंबून ठेवण्यात अर्थ नव्हता. २.५ चौरस मिलिमीटरची वायर होल्डरपासून थेट चॅसिला नेली, चॅसिवरचा रंग रुपयाएवढ्या जागेत चकचकीत होईपर्यंत घासला, लग (वायरीच्या टोकाला दाबायचं कडं), स्टार वॉशर, बोल्ट. आधी घट्ट आवळायचं, मग वरून व्हॅसलीन आणि रंग. उलट क्रमाने करणारे पाहिलेत मी.

पुन्हा मोजलं. अर्थिंगचा ३.१ आता ०.०७ वर आला. इंडिकेटर, ब्रेक, पार्किंग, तिघं आपापल्या तालात. डावा इंडिकेटर दिला, मागचा बल्ब छान दिसला. तात्या उठून उभे राहिले. शुक्रवारचे रात्रीचे नऊ वाजले होते.

या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण मला हाच वाटतो. गाडी चालत होती, मालक खूश होते, मंगळवारी ती नक्की पास झाली असती. पण बल्बच्या तोंडाशी अजून १०.१ व्होल्टच येत होते. म्हणजे येण्याच्या वाटेवर १.९ व्होल्ट कुठेतरी गळत होते, आणि बल्ब अर्ध्याहून थोडाच जास्त उजेड देत होता. रात्री अर्धा उजेडही भरपूर वाटतो.

मी तात्यांना स्पष्ट सांगितलं: आज नेलीत तर मंगळवार निघेल, पण मृग तोंडावर आलाय, पावसात काय होईल सांगता येत नाही. ठेवलीत तर रविवार रात्रीपर्यंत देतो. त्यांनी थोडा वेळ बाहेर रस्त्याकडे बघितलं. "ठेवतंय. पण रविवारी म्हणजे रविवारी हां."

पिवळ्या वायरचा तुकडा

शनिवारी सकाळी जीपखाली आडवा झालो. मागचा गुच्छ डाव्या चॅसिला धरून जातो. मागच्या बंपरच्या वीतभर अलीकडे टेपचा एक फुगीर गोळा होता. टेप सुटून तिचा डिंक काळा झालेला, त्यात वाळू. टेपच्या शेवटाला मेणदोऱ्याची गाठ.

ती गाठ मी ओळखली. टेपचं टोक उचकटू नये म्हणून दोऱ्याची गाठ मारायची सवय आमच्या उस्तादांनी लावली होती. आमच्या भागात ती आता मी एकटाच मारतो. गोळा उघडला तर आत डाव्या इंडिकेटरच्या वायरीला पिवळ्या वायरचा एक तुकडा पिळून जोडलेला. २०१४ मध्ये तात्यांच्या पुतण्याची होडी ओढायला ट्रेलर लावला होता, त्याच्या सॉकेटसाठी मीच इंडिकेटर आणि ब्रेकवरून जोड घेतला होता. त्या दिवशी दुकानातली हिरवी संपली होती म्हणून पिवळी वापरली होती, हेसुद्धा आठवलं. पुढे होडी विकली, सॉकेट कोणीतरी काढलं आणि वायरीची टोकं कापून तशीच वर तोंड करून सोडली.

कापलेलं उघडं टोक म्हणजे दिव्याची वात. बारीक तारांच्या मधल्या फटींतून पाणी आपोआप चढत जातं, इन्सुलेशनच्या आतून, बाहेरून काही दिसत नाही. वर मी दिलेला जोड नुसता पीळ आणि टेप. मीठ आत शिरलं, आणि टेपने ते बाहेर पडू दिलं नाही. पीळ सोडवायला गेलो तर वायरच तुटली. आत तांब्याऐवजी हिरवा भुगा.

पोरगा बघत होता, म्हणून त्याला सांगून टाकलं की हे माझं काम आहे. तो हसला नाही. नंतर तात्यांनाही सांगितलं. ते हसले.

प्रत्यक्ष काम

पहिल्यांदा वाटलं होतं जोड कापून नवा देऊ. पण जोडापासून दिव्याच्या बाजूला वायर सोलत गेलो तर तांबं काळंच. एक वीत, दोन विती, काळंच. अशा काळ्या तांब्याला डाख (सोल्डर) धरत नाही, तो मोत्यासारखा गोळा होऊन ओघळतो. लग दाबला तरी काळ्या थरावरच दाबला जातो. उजळ, गुलाबी तांबं दिसेपर्यंत मागे जाणं एवढाच उपाय. इंजिनाच्या बाजूला ते हातभर अंतरावर दिसलं. दिव्याच्या बाजूला शेवटपर्यंत दिसलंच नाही.

म्हणून ग्रोमेटपासून डाव्या दिव्यापर्यंत चारही वायरी नव्या घातल्या: इंडिकेटर, ब्रेक, टेल आणि अर्थिंग. ब्रेकच्या वायरीवरही माझाच जोड होता, तो अजून टिकला होता इतकंच. नवे जोड तीनच, तेही ग्रोमेटच्या अलीकडे, चाकाचं पाणी उडत नाही अशा जागी. प्रत्येक जोड पक्कडीने दाबून, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी प्लास्टिकची नळी. ती तापवली की टोकांतून गोंदाचा बारीक थेंब बाहेर येतो. तो दिसला की समजायचं पाणी आत जाणार नाही. दिसला नाही तर पुन्हा करायचं. एक जोड मी दोनदा केला.

होल्डर नवा. दिव्याचं बुजवलेलं भोक मोकळं केलं. कुजलेल्या पत्र्यावर आतून पट्टी मारली. आणि वायर दिव्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, दिव्यात शिरत नाही. पूर्वी वायर वरून सरळ दिव्यात येत होती, पन्हळीसारखी.

फ्लॅशरही बदलला. मी बसवलेला काढून बल्ब गेल्यावर सावध करणारा लावला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

निकाल

रविवारी संध्याकाळी सात वाजता शेवटची मोजणी: फ्लॅशरबाहेर १२.०, बल्बच्या तोंडाशी ११.७, अर्थिंग ०.०६. बल्बला ११.६ च्या वर. उघडझाप घड्याळ लावून मोजली, डावीकडे मिनिटाला ८२, उजवीकडे ८४. ती ६० ते १२० च्या मध्ये असायला हवी. मुद्दाम मागचा एक बल्ब काढून पाहिला, फ्लॅशर लगेच दुप्पट वेगाने ओरडला. सोमवारी सकाळी गाडी उन्हात उभी करून वीस पावलांवरून पाहिली. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

मंगळवारी गाडी पास झाली. साहित्याला ९४० रुपये लागले. मजुरी दीड दिवसाची होती, घेतली निम्मी.

त्या पावसाळ्यात काही तक्रार आली नाही. गणपतीनंतर तात्या ऑइल बदलायला शेजारच्या गॅरेजमध्ये आले होते तेव्हा मी जाऊन अर्थिंग मोजलं: ०.०८.

पुन्हा करायचं तर

पहिल्या दिवशी रिक्षा थांबवून जीपला दहा मिनिटं दिली असती तर तात्यांची आरटीओची एक खेप वाचली असती. ब्रेक दाबून बघितलंही होतं मी. दिसलं आणि तरी हात फ्लॅशरकडे गेला. त्याला घाई म्हणा, सवय म्हणा.

दुसरं, कंटिन्युइटीची पिप् मी आता अर्थिंग तपासायला वापरतच नाही. पोरालाही बंदी केलीय. बल्ब पेटता ठेवून व्होल्ट मोजायचे, आणि अर्थिंगला ०.२ च्या वर काही आलं तर उघडायचं. मीटर नसेल तर बॅटरीच्या मायनसपासून एक जाड वायर थेट होल्डरला लावून बघायची. दिवा एकदम उजळला तर परतीची वाट खराब.

जोड काढून टाकताना कापलेलं टोक कधीच उघडं सोडायचं नाही, मूळ वायरीपाशी जाऊनच बंद करायचं. ते सॉकेट मी काढलं नव्हतं, पण जोड देताना तो एक दिवस निघेल हा विचार मी केला नव्हता. २०१४ मध्ये माझ्याकडे हीट श्रिंक होती. ट्रेलर तात्पुरता आहे म्हणून टेपवर भागवलं.

एका गोष्टीबद्दल मला अजून नक्की ठरवता येत नाही. उजवी बाजू मी रविवारी मोजली होती. अर्थिंग ०.४ येत होतं. म्हणजे सुरुवात झाली होती. पण वेळ संपला होता, आणि तात्यांना तिसऱ्या दिवसाची मजुरी सांगायला जीभ रेटली नाही. पावतीच्या मागे लिहून दिलं, 'उजवं अर्थिंग ०.४, गणपतीनंतर करणे', आणि मासळी आणल्यावर मागचा भाग दोन बादल्या गोड्या पाण्याने धुवायला सांगितलं. गणपतीनंतर मी डावं मोजलं, उजव्याची आठवण केली, तात्या म्हणाले बघू.

२०२३ च्या शिमग्यानंतर फोन आला. "उजवो सुस्त झालो रे."

जीप आली. अर्थिंग १.१ होतं. पत्रा अजून शाबूत होता, वायर वीतभर मागे उजळ मिळाली, दुपारी सुरू केलेलं काम चहापर्यंत संपलं. फ्लॅशरला हात लावला नाही.